नारिंगी फीत

बसमध्ये सव्वीस मुलं, सव्वीस डबे,
आणि घाट नसतानाही एकाला उलटी.
ब्यूडलीचा पूल ओलांडला, खाली सेव्हर्न गढूळ,
पंधरा मिनिटांत वायरचं रान.
मी वर्गाची मदतनीस. हातमोजे मोजायचे, नाकं पुसायची,
"मिस, साप आहे का?" विचारलं की दर वेळी
"असेल, पण झोपलाय" म्हणायचं.
फेब्रुवारीत ते खरंही असतं.

मिसेस ट्रँटर फाटकापाशी उभ्या,
बुटांवर चिखल, खांद्यावर कुऱ्हाड.
मुलांशी बोलताना आवाज लाडिक न करणारी बाई.
"आम्ही इथं झाडं तोडतो," पहिलं वाक्यच हे.
मुलं चिडीचूप.
शाळेच्या भिंतीवर आम्ही
झाडाला मिठी मारलेलं पोस्टर लावलं होतं.

मग एक बुंधा दाखवला. ओकचा,
तीन वर्षांपूर्वी जमिनीलगत कापलेला.
हरणांनी खाऊ नये म्हणून भोवती फांद्यांचं कुंपण,
आत सतरा धुमारे, छडीएवढे जाड.
"मुळं माझ्या आजोबांच्या आजोबांहून म्हातारी,
वरचं पोर तीन वर्षांचं."
विल्फ धुमाऱ्याला पाठ लावून उभा राहिला.
धुमारा वीतभर उंच निघाला.

कुऱ्हाड मी हातात घेऊन पाहिली.
दांडा ॲशचा, त्या म्हणाल्या, याच रानातला.
कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ,
सांगायला गेले इंग्रजीत
आणि गोतापाशीच अडले.
गोत म्हणजे किती? एक झाड?
सगळे ॲश? की या बुंध्यातली
अजून न फुटलेली सुद्धा?

बाबा बल्लारशाच्या डेपोत होते.
सागाच्या ओंडक्यांवर हातोड्याने शिक्का,
दिवसाला दोनशे. नंबर वरून यायचे.
कुठलं झाड, तेच का,
हे त्यांना कुणी विचारलं नाही
आणि त्यांनीही कुणाला.
संध्याकाळी शर्टाला सागाचा वास.
लहानपणी मला वाटायचं, पगाराचा वास असाच असतो.

इथं मात्र चौघाचौघांना एकेक फीत, नारिंगी.
उरलेले दोघे कुठंतरी कोंबले.
"तुमच्यासमोर पाच झाडं. एक जायला हवं.
नाहीतर पाचही उजेडासाठी भांडत
काठ्यांसारखी वाढतील.
कुठलं, ते तुम्ही ठरवा. कारण मला सांगा."

टेगन म्हणाली, वाकडं तोडू.
इद्रिस म्हणाला, वाकड्याला ढोली आहे, कुणीतरी राहतं.
मग सरळ?
सरळ मोठं झालं तर टेबल होईल.
मग मधलं, त्याने काहीच केलेलं नाही.
"म्हणून?" इद्रिस म्हणाला.
नऊ वर्षांची पोरं आणि ही एवढी पंचायत.
झुझान्ना बोललीच नाही.
फीत एका खोडाला बांधायची, सोडायची,
दुसऱ्याला बांधायची, सोडायची.
गाठी सुटून सुटून फितीला सुरकुत्या.

निघताना मिसेस ट्रँटरनी
फिती बांधलेली झाडं मोजली. पाच.
गट सहा.
रागावल्या नाहीत.
"म्हणजे ते मला करावं लागणार," एवढंच,
आणि कुऱ्हाड या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

रात्री कोटाच्या खिशात किल्ली शोधताना
हाताला लागली ती. गुंडाळलेली, ओली.
कधी सरकवली, पत्ता नाही.

बाबांना फोन लावला. तिकडे पहाट.
विचारलं, एखाद्या ओंडक्यावर
शिक्का मारायचा कधी मुद्दाम राहू दिलात?
बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.
मग म्हणाले,
ओंडका झाल्यावर राहू देऊन काय उपयोग, पोरी.

फीत धुतली, रेडिएटरवर वाळत घातली.
चिखल गेला, सुरकुत्या तशाच.
सोमवारी शाळेत नेईन.
झुझान्नाला एवढंच विचारेन,
पाचातलं कुठलं
हिच्यातून दोनदा सुटलं.